पोटित्सेवरचा कर

यूक्लिड, ओहायो
९ जुलै २००९

प्रिय ताई,

तू सुखरूप पोचलीस हे तुझ्या भावजयीकडून, डोलोरेसकडून कळलं. मला फोन केला नाहीस ते बरं केलंस. झागरांनी भांडण कागदावरच करायचं, पाकिटाला तिकीट लावेपर्यंत निम्मा राग उतरतो, असा आईचा नियम होता. मी तीन तिकिटं वाया घालवली तरी उतरला नाही, तेव्हा आता ऐक.

चार जुलैला माझ्या अंगणात, माझ्या शेगडीवर भाजलेलं सॉसेज हातात धरून, माझ्या कारखान्यातल्या दोस्तांसमोर तू म्हणालीस, "आमच्या लुडीचा विमा सोन्याचा आहे, त्यावर थोडा कर बसला तर काय बिघडलं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर ते सॉसेज कुंपणावरून शेजाऱ्याच्या कुत्र्याला दिलंस. कुत्रा अजून रोज तिथे येऊन तुझी वाट बघतो.

ताई, हा आरोग्यविमा मला कुणी बक्षीस म्हणून दिलेला नाही. ब्याऐंशीच्या संपात आम्ही बर्फात उभे राहिलो. शेवटी मालक म्हणाला, पगारवाढ घ्या नाहीतर विमा घ्या. आम्ही पगारवाढीवर पाणी सोडलं. म्हणजे हा विमा माझा पगारच आहे, फक्त खिशात घालता येत नाही. आता वॉशिंग्टनवाले म्हणतात, ज्यांना विमा नाही त्यांची सोय करायची आहे, पैसे हवेत, तर ज्यांचा चांगला आहे त्यांच्या विम्यावर कर लावू. माझ्या बर्फातल्या पायांवर कर. हे तुला पटतं?

तुझ्या पित्ताच्या खड्यांचं काय झालं? ऑपरेशन करून टाक एकदाचं. वाट कसली बघतेस?

तुझा भाऊ,
लुडविक

* * *

फॉरेस्ट सिटी, पेनसिल्व्हेनिया
२० जुलै २००९

सोन्याच्या विम्याचे धनी लुडविक झागर यांस,

वाट कसली बघतेस म्हणून विचारतोस. अरे, मला रांगेतच उभं करत नाहीत. तीन विमा कंपन्यांकडे अर्ज केला. आधीचं काही दुखणं आहे का, असं विचारलं होतं, मी खरं तेच लिहिलं. तिघांनीही नकार कळवला. म्हणजे उद्या मी पार्लरच्या दारावर पाटी लावायची, ज्यांचे केस वाढलेत त्यांनी आत येऊ नये. बिनविम्याच्या ऑपरेशनचा खर्चही विचारून आले. माझ्या दोन्ही खुर्च्या, ड्रायर आणि आरसे विकले तर भूल देणाऱ्यापर्यंत पोचते, कापणारा राहतोच.

आणि विमा हा पगारच आहे म्हणतोस, तर पगारावर कर असतोच ना? माझ्या कमाईवर आहे. ती खिशात येते म्हणून गुन्हा झाला का?

राहिला संप. तो तू एकटा लढलास? दर आठवड्याला बसच्या ड्रायव्हरच्या हाती पोटित्सा कोण पाठवत होतं? टेबलावर चादर अंथरून, तिच्यावर कणीक कागदासारखी पातळ ओढून, अक्रोड भरून गुंडाळ्या करता करता माझे खांदे गेले. कारखान्याच्या दारावरचा तुमचा अख्खा पहारा माझ्या अक्रोडांवर उभा होता. तेव्हा त्या विम्यात माझाही वाटा आहे.

आता मला लोणी नको, अंडी नकोत, अक्रोड नकोत, असं डॉक्टरने बजावलंय. म्हणजे पोटित्सा सोडून सगळं खा. मी करते, वास घेते आणि दुसऱ्यांना वाटते.

पंचवीस ऑगस्टला तुझ्या नावाच्या संताचा दिवस. दरवर्षीप्रमाणे पोटित्सा येईल. मात्र यंदापासून माझ्या स्वयंपाकघरात सुधारणा लागू होत आहे, याची नोंद घ्यावी.

अल्बिना

* * *

यूक्लिड
२८ ऑगस्ट २००९

ताई,

पार्सल मिळालं. पोटित्सा एका बाजूने सुरीने सरळ कापलेली होती आणि सोबत तुझी चिठ्ठी: "ज्यांना पोटित्सा मुबलक मिळते त्यांच्या पोटित्सेवर एक तृतीयांश कर बसवण्यात आला आहे. कापलेला भाग शेजारच्या हुदाक आजोबांना देण्यात आला. त्यांना जन्मात कुणी पाठवलेली नाही."

कोण हा हुदाक? तो बर्फात उभा होता का? त्याला अक्रोड आवडतात का, हे तरी विचारलंस? आणि कापायचंच होतं तर नेमकं तेच टोक का कापलंस? त्या टोकाला सारण जास्त असतं, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आता हुदाकलाही माहीत झालं.

डोलोरेस चिठ्ठी वाचून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बसल्या बसल्या तिने माझ्या पोटित्सेचे दोन तुकडे खाल्ले. त्यावर कुणी कर लावत नाही.

पुढच्या बुधवारी आमचे खासदार शाळेच्या जिममध्ये सभा घेताहेत. मी माइकवर जाऊन या कराविरुद्ध बोलणार आहे. भाषण चार पानी लिहिलं होतं, डोलोरेसने त्याचं अर्धं पान केलं. त्यात तुझं नाव नाही, पण पोटित्सेचा उल्लेख आहे. आमचे युनियनचे अध्यक्ष डॉमिनिक रॅगूझा यांनी माझी पाठ थोपटली आहे. लेबर डेच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे झेंडा धरायचा मानही मलाच दिलाय.

तुझ्या जुलमाने पीडित,
लुडविक

* * *

फॉरेस्ट सिटी
४ सप्टेंबर २००९

लुडी,

काल मिसेस कोवालच्या केसांना रंग लावत होते आणि भिंतीवर टीव्ही चालू होता. देशभरच्या सभांमधला गोंधळ दाखवत होते. एकदम माझा भाऊ दिसला. युनियनचं जाकीट, तोंड बिटासारखं लाल, हातात चुरगळलेला कागद. आणि ओरडत होता, "ती माझी बहीण आहे. लावा माझ्या विम्यावर कर आणि करा तिचं ऑपरेशन. माझी काही हरकत नाही." खाली अक्षरं आली: कर लावा म्हणणारा कामगार.

मी ब्रश हातात धरून तशीच उभी राहिले. तिकडे रंग जास्त वेळ राहिला आणि मिसेस कोवालचे केस गाजरासारखे झाले. ती आता डोक्याला रुमाल बांधून हिंडते.

तुझं मतपरिवर्तन झालं याचा आनंद आहे. पण तुझ्या शेजारी उभी होती ती मुलगी पंचविशीची, लाल केसांची. ही आपली बहीण कधीची? आईने मला काही सांगितलं नव्हतं.

हुदाक आजोबाही बघत होते. ते म्हणाले, सरकारने लोकांच्या औषधपाण्यात नाक खुपसू नये. मी म्हटलं, आजोबा, तुमचा नवा गुडघा सरकारी विम्यावर झाला. तर म्हणाले, तो सरकारी नाही, तो माझा आहे. मी वाद घातला नाही, कारण ते तेव्हा तुझ्या पोटित्सेचा शेवटचा तुकडा खात होते.

काय झालं ते सविस्तर लिही.

ताई

* * *

यूक्लिड
१२ सप्टेंबर २००९

ताई,

मतपरिवर्तन वगैरे काही झालेलं नाही. कर चूकच आहे.

झालं ते असं. माइकच्या रांगेत माझ्यापुढे ती मुलगी होती. मी तिला ओळखत नाही. ती बोलायला लागली, की मला पित्ताचे खडे आहेत, रात्ररात्र बसून काढते, कुणी विमा देत नाही. तेवढ्यात मागून झेंड्याची टोपी घातलेला एक जण ओरडला, "तुझ्या खड्यांचे पैसे तू भर, नाहीतर घरी जाऊन मर." लोक हसले. ताई, मला तिथे तू दिसलीस. तू बरगडीखाली हात धरून उभी आहेस आणि जिमभर लोक हसताहेत असं दिसलं. मग मी काय बोललो ते मलाही टीव्हीवरच कळलं.

अर्धं पान तसंच राहिलं. चांगलं लिहिलं होतं.

रॅगूझाने झेंडा काढून घेतला. लेबर डेला मला मिरवणुकीच्या शेवटी ठेवलं, घोडेस्वार पोलिसांच्या मागे, फावडं आणि घमेलं देऊन. घोडे सहा होते आणि कुणी त्यांना सकाळी भरपूर चारलं होतं. बोलिंगच्या संघातूनही मला काढलं, आता मी गुण लिहितो.

पण त्या फावड्यामागे चालताना डोकं मोकळं होतं, त्यामुळे एक गोष्ट सुचली. माझ्या विम्यात बायको येते, मुलं येतात, बहीण येत नाही. म्हणजे अडचण खड्यांची नाही, नात्याची आहे. आणि नातं कायद्याने बदलता येतं.

मी तुला दत्तक घेतो.

डोलोरेसची हरकत नाही. तुझी संमती तेवढी कळव.

लुडविक

* * *

फॉरेस्ट सिटी
२५ सप्टेंबर २००९

होऊ घातलेल्या तीर्थरूपांस,

अरे गाढवा, मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तुझं नाक मी पुसलंय. तुला शाळेत हाताला धरून मी नेलं आणि पहिल्याच दिवशी चड्डी ओली केलीस तेव्हा घरीही मीच आणलं. आता तुला बाबा म्हणू? आणि डोलोरेसला आई? मग आपली आई माझी आजी झाली. ती वर बसून हे बघत असेल तर तिला काय वाटेल? शिवाय मुलगी झाल्यावर तू मला पार्लर बंद करून घरी लवकर ये म्हणशील.

तुझं पत्र पार्लरमध्येच उघडलं. वाचून झाल्यावर दाराला कुलूप लावलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. आधी हसले, मग रडले, मग पुन्हा तो घोड्यांचा भाग वाचला. नवरा गेल्यापासून माझ्यासाठी इतका मूर्खपणा कुणी केला नव्हता.

तेव्हा विचारून बघ. पण बाबा फक्त कागदावर.

ताई

* * *

यूक्लिड
३० ऑक्टोबर २००९

ताई,

विम्याच्या कचेरीत जाऊन आलो. खिडकीवरच्या बाईने विचारलं, मूल किती वर्षांचं आहे? मी म्हटलं, अठ्ठावन्न. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, मुलांची मर्यादा एकोणीस, कॉलेजात शिकत असेल तर तेवीस. मी म्हटलं, माझं मूल जरा मागे राहिलंय. ती "आलेच" म्हणून आत गेली. मग आतून एकेक जण पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर येऊन मला बघून गेला.

वकिलालाही भेटलो. तो म्हणाला, ओहायोत धडधाकट मोठ्या माणसाला असं दत्तक घेता येत नाही. मी म्हटलं, ती धडधाकट नाही, हीच तर अडचण आहे. त्याने मला दारापर्यंत सोडलं.

तेव्हा तू माझी बहीणच राहिलीस. वाईट वाटतं.

ख्रिसमसच्या पोटित्सेवर कर घ्यायचाच असेल तर घे. माझा तत्त्वतः विरोध आहे. पण टोक कापू नकोस, मधून काप.

लुडविक

* * *

यूक्लिड
२८ डिसेंबर २००९

अल्बिनाबाई,

ख्रिसमस आला आणि गेला. पोटित्सा आली नाही. फोन उचलत नाहीस. टेबलावर रिकामी ताटली ठेवून आम्ही तीन दिवस टपालवाल्याकडे बघत बसलो. शेवटी तो लांबूनच मान हलवायला लागला.

चोवीस तारखेला सिनेटने आपलं विधेयक मंजूर केलं. महागड्या विम्याच्या वरच्या भागावर चाळीस टक्के कर म्हणतात. मी ते ऐकून चिडलो होतो. पण चाळीसच. तू एकदम शंभरावर गेलीस. सगळी हुदाकला दिलीस का? मग त्यालाच दत्तक घे.

लुडविक

* * *

फॉरेस्ट सिटी
२ जानेवारी २०१०

श्री. झागर यांस,

आपली ओळख नाही. मी स्टीफन हुदाक, अल्बिनाचा शेजारी. आपलं पत्र मी उघडलं, कारण ती म्हणाली उघडा आणि वाचून दाखवा. मी वाचून दाखवलं. ती हसायला लागली आणि हसताना तिला फार दुखलं, म्हणून शेवटचा भाग वाचला नाही.

बावीस तारखेला ती आपलीच पोटित्सा करत होती. कणीक चादरीवर ओढून झाली आणि तिला कळ आली. भिंतीतून आवाज आला म्हणून मी गेलो, तर ती टेबलाखाली होती आणि चादर अंगावर ओढली गेली होती. इस्पितळात नेलं. त्यांनी दुखणं थांबवलं आणि सांगितलं, तातडीचं नाही, विमा झाला की या. आता ती माझ्या सोफ्यावर आहे. आपल्याला कळवू नका म्हणाली होती. मी विमा वगैरे काही जाणत नाही, पण माणसाने आपल्या भावाला कळवावं.

आपली पोटित्सा मला मिळालेली नाही. ती झालीच नाही.

आपला,
एस. हुदाक

* * *

फॉरेस्ट सिटी
२० जानेवारी २०१०

प्रिय लुडी,

तू गेल्यावर घर फार शांत झालं. हुदाक आजोबांचं पत्र मिळालं त्याच दिवशी बर्फातून गाडी हाकत आलास आणि दारात उभा राहून नुसता "ताई, ताई" म्हणत राहिलास. मी तुला रागावले, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा इस्पितळात नेलंस तो प्रसंग मी मरेपर्यंत विसरणार नाही. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, पेशंटचे कोण? तू विम्याचं कार्ड आपटून म्हणालास, "बाप." तिने तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तुम्ही वयाच्या मानाने फार छान दिसता. कार्ड मात्र परत केलं.

आणि तू केलेली पोटित्सा. कणकेला भोकं पाडून त्यांतून सारण गाळणारा माणूस मी प्रथमच पाहिला. ती भाजल्यावर हुदाक आजोबांनी टेबलावर ठेवली तर टेबल वाजलं. तरी ते रोज कॉफीत बुडवून खातात. कुणाचा अपमान नको म्हणतात.

जाताना तू म्हणालास, कर चूक आहे पण तू त्याहून महत्त्वाची आहेस. तूच बरोबर आहेस असं म्हणाला असतास तर जास्त बरं वाटलं असतं. पण चालेल.

ताई

* * *

यूक्लिड
२६ मार्च २०१०

ताई,

झाला कायदा. आता कोण जिंकलं ते नीट समजून घे.

कर आहे, म्हणून तू जिंकलीस. पण तो दोन हजार अठरात सुरू होणार, म्हणून मी जिंकलो. अठरात मी पासष्ट वर्षांचा होईन आणि हुदाकांसारखा सरकारी विमा घेऊन सरकारला शिव्या देत बसेन. रॅगूझाने मला हे समजावून सांगताना स्वतःच माझी बोलिंगची जागा परत दिली. म्हणाला, "झागर, तू ज्या कराला हो म्हणालास तो आपल्याला बघायलाही मिळणार नाही. त्यासाठी तू सहा घोड्यांमागे चाललास."

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ज्यांना दुखण्यामुळे कंपन्यांनी नाकारलं, त्यांच्यासाठी वर्षअखेरपर्यंत वेगळा विमा निघणार आहे. मी फोन करकरून विचारलंय. नकाराचं पत्र पुरावा म्हणून लागतं. तुझ्याकडे तीन आहेत ना? फाडली असशील तर मी तुला खरोखर दत्तक घेऊन मारीन.

लुडविक

* * *

फॉरेस्ट सिटी
१४ डिसेंबर २०१०

प्रिय लुडी,

तुला फोनवर सगळं सांगितलंय, पण चांगली बातमीही एकदा कागदावर यावी. तीन नकारांच्या जोरावर विमा मिळाला आणि खडे गेले. डॉक्टरने ते बाटलीत घालून दिले. मी बाटली पार्लरमध्ये आरशापुढे ठेवली होती, मिसेस कोवालने उचलायला लावली. तिचे केस आता ठीक आहेत.

सोबत पोटित्सा पाठवते आहे. बघ, अख्खी आहे. दोन्ही टोकं आहेत. माझ्यापुरता हा कर आजपासून रद्द.

त्यावरून हुदाक आजोबांशी माझं भांडण झालंय. ते म्हणतात, एकदा मिळायला लागलेली गोष्ट माणसाकडून काढून घेता येत नाही, तो त्याचा हक्क होतो. संपात तू अगदी हेच म्हणायचास. ते दारावर निषेधाची पाटी लावणार आहेत.

मी अजून चव घेतलेली नाही. डॉक्टरने खा म्हणून सांगितलंय, पण भाजून काढली आणि धीर झाला नाही. सगळी तुलाच पाठवली.

ताई

* * *

यूक्लिड
२० डिसेंबर २०१०

ताई,

सोबतच्या डब्यात एक तृतीयांश आहे. टोकाकडचा. डोलोरेस मोजपट्टी घेऊन शेजारी उभी होती, तेव्हा कमी भरला असं म्हणू नकोस.

हा कर मी स्वतःहून भरतोय. त्याचा वॉशिंग्टनशी संबंध नाही आणि माझं मत तेच आहे. हा भाग कुणाला द्यायचा ते मात्र या वेळी मी ठरवणार. हुदाकांना नाही. तुला. बसून खा. धीर होत नसेल तर माझ्यावर चिडून खा, ते तुला जमतं.

लुडविक

* * *

फॉरेस्ट सिटी
२७ डिसेंबर २०१०

लुडी,

डबा मिळाला. हुदाक आजोबा पाटी घेऊन दारातच उभे होते, म्हणून त्यांना थोडा दिला. तुझ्या कायद्यातही पळवाट असणारच.

मग दार लावून स्वयंपाकघरात बसले. एक घास खाल्ला आणि सवयीने बरगडीखाली हात धरून वाट बघत राहिले. कॉफी गार झाली. बाहेर दिवे लागले. काही दुखलं नाही.

मग उरलेला सगळा खाल्ला.

ताई